दहावीचा वर्ग चाळीस वर्षांनी पुन्हा कसा जमतो

शाळेच्या कचेरीतल्या कपाटात एक जाड, आडवी वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत दाखल झालं की त्याचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा असं सगळं एका ओळीत लिहितात. मूल शाळा सोडून गेलं की त्याच ओळीच्या शेवटी तारीख आणि सोडण्याचं कारण येतं. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीवरून लिहून मिळतो, म्हणून शाळा ही वही कधी टाकून देत नाही.

२०१५ साली मी आणि माझी एक वर्गमैत्रीण सांगली जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी वही समोर उघडून धरली आणि १९८१ च्या जूनमध्ये पाचवीला दाखल झालेल्या आमच्या तुकडीची नावं आम्ही कागदावर उतरवून घेतली. ६२ नावं निघाली. त्यातली १५ जणं तेव्हा एकमेकांच्या संपर्कात होती. आता ५४ आहेत.

या दहा वर्षांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. ज्यांची गावं वेगळी, धंदे वेगळे, मतं वेगळी, अशी पंचावन्न वर्षांची माणसं दिवाळीच्या सुट्टीत दोनशे किलोमीटर प्रवास करून एका पत्र्याच्या वर्गात का येऊन बसतात? नंतरच्या कॉलेजचा, नोकरीतल्या पहिल्या ऑफिसचा असा मेळा का जमत नाही? मैत्री, स्मरणशक्ती आणि ओळखींचं जाळं यांवर गेल्या पन्नास वर्षांत बराच अभ्यास झाला आहे. तो वाचताना मला आमचा वर्गच दिसत गेला. जे समजलं ते इथे सांगते.

सुरुवात तासांच्या हिशेबापासून करू. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल नावाचे संशोधक आहेत. नव्या ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजायचा प्रयत्न केला. २०१८ साली निघालेल्या त्या अभ्यासाचा आकडा असा: साधारण ५० तास एकत्र घालवले की ओळखीचा माणूस जुजबी मित्र होतो, ९० तासांच्या आसपास मित्र होतो, आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त लागतात. आता शाळेचं गणित मांडा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १,००० तास ठरवले आहेत. आमच्या वेळी हा कायदा नव्हता, पण शाळा साधारण तेवढीच भरायची. पाचवी ते दहावी सहा वर्षं धरली तर सहा हजार तासांच्या घरात जातं. पुढच्या आयुष्यात घरची माणसं सोडून कुणाबरोबर एवढा वेळ बसायला मिळतो?

मात्र हॉल यांच्या अभ्यासातली एक गोष्ट आकड्यापेक्षा मोलाची आहे. कामाच्या ठिकाणी, जिथे बरोबर असणं भागच असतं, तिथले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. जमा होतो तो आपणहून घालवलेला वेळ. म्हणजे सहा हजार तासांतले भूगोलाचे तास सोडून द्या. मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण उलटं करून त्यात वाटून घेतलेली भाजी, एसटी चुकल्यावर फाट्यापासून घरापर्यंत तुडवलेले चार किलोमीटर, स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम, हे मोजा. तेवढेच धरले तरी दोनशेचा आकडा केव्हाच मागे पडतो.

पण हा वेळ कुणाबरोबर गेला, हे ठरवलं कुणी? इथे मला सगळ्यात आवडलेला अभ्यास आठवतो. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नव्या भरतीच्या पोलिसांना खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अक्षरक्रमाने दिल्या जायच्या. १९७४ साली मॅडी सेगल यांनी या पोलिसांना विचारलं, तुमचे जवळचे मित्र कोण? उत्तरात पुन्हा पुन्हा अक्षरानं शेजारी असलेल्यांचीच नावं आली. मैत्री कुणाची कुणाशी झाली हे धर्म, वय, छंद यांवरून जेवढं सांगता येत नव्हतं, तेवढं आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून सांगता आलं.

आमच्या शाळेत मुलींचा आणि मुलांचा पट वेगळा, पण दोन्ही आडनावाच्या क्रमाने. बाई त्याच क्रमाने बाकावर बसवायच्या. त्यामुळे कदम, कांबळे, काळे आणि कुलकर्णी एका बाकावर. गावात या चार घरांमध्ये ओढा होता, देऊळ होतं आणि न बोललेल्या पुष्कळ गोष्टी होत्या. त्यांच्या आया एका पाणवठ्यावर पाणी भरत नव्हत्या. पण वर्णमालेला जात कळत नाही. त्या चौघी सहा वर्षं एकमेकींच्या वहीत बघून गणितं उतरवत राहिल्या. ओळखींच्या जाळ्याचा अभ्यास करणारे सांगतात की माणूस सहसा स्वतःसारख्याच माणसांशी नातं जोडतो. जात, पैसा, शिक्षण, मोहल्ला सारखा असला की ओळख लवकर होते आणि टिकते. प्रौढ माणसाच्या फोनमधली नावं चाळून पाहिली तर हे चटकन पटेल. तालुक्याच्या गावातली मराठी शाळा हे या नियमाला पडलेलं मोठं खिंडार होतं. गावात तीच एक चांगली शाळा होती, त्यामुळे डॉक्टरची मुलगी आणि ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच तुकडीत असायच्या. आज त्याच गावात चार प्रकारच्या शाळा आहेत आणि फीप्रमाणे मुलं वाटली गेली आहेत. त्या मुलांचे वर्ग चाळीस वर्षांनी जमतील तेव्हा त्यांना तिथे कोण भेटेल, याची मला मनापासून काळजी वाटते.

आता आठवणीकडे वळू. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या वयाप्रमाणे मांडल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांपेक्षा ठळकपणे जास्त निघतात. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. वेगवेगळ्या देशांत हा उंचवटा सापडला आहे. का, यावर अभ्यासकांची दोन-तीन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना पूरक आहेत. या वर्षांत बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि पहिलेपण मेंदूत खोल रुजतं. शिवाय ‘मी कोण’ हे माणूस याच वयात ठरवत असतो. त्या काळातले प्रसंग पुढे तो स्वतःची गोष्ट सांगताना पुन्हा पुन्हा काढतो, आणि काढलेली आठवण घासून लख्ख होते.

मग वर्गातली माणसं किती आठवतात? १९७५ साली हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १७ ते ७४ वयाच्या ३९२ माणसांची परीक्षा घेतली. शाळा सोडून कुणाला काही महिने झाले होते, कुणाला जवळजवळ पन्नास वर्षं. आधी त्यांना सांगितलं, वर्गातल्यांची नावं आठवून लिहा. मग जुने फोटो दाखवून विचारलं, यातला तुमच्या वर्गातला चेहरा कोणता? आठवून नावं सांगणं पंधरा वर्षांनी साधारण ६० टक्के जमलं, अट्ठेचाळीस वर्षांनी फक्त ३० टक्के. पण फोटोतला चेहरा ओळखणं पंधरा वर्षांनीही ९० टक्क्यांच्या आसपास होतं आणि अट्ठेचाळीस वर्षांनीही ७० टक्क्यांच्या आसपास टिकून होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण वर्ग शोधणाऱ्यांना त्याचा रोजचा उपयोग आहे. ‘आठवणं’ आणि ‘ओळखणं’ ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. आठवणं म्हणजे अंधाऱ्या कोठीत हात घालून वस्तू काढणं. ओळखणं म्हणजे कुणीतरी वस्तू समोर धरली की ‘हो, ही आपलीच’ म्हणणं. दुसरं काम कितीतरी सोपं. म्हणून एखाद्याला फोनवर ‘आपल्या वर्गात कोण कोण होतं सांग’ असं विचारू नका. आम्ही पहिल्या वर्षी तेच करत राहिलो आणि दरवेळी तीच आठ-दहा नावं ऐकली. नंतर एकीच्या घरी निरोप समारंभाचा, कडा वाळवीने खाल्लेला फोटो सापडला. त्याचा मोबाइलवर फोटो काढून सगळ्यांना पाठवला. एका रात्रीत एकोणीस जणांची ओळख पटली. कुणाला चेहऱ्यावरून नाव सुचलं, कुणाला नाव नाही पण वाडी आठवली, कुणाला तिच्या भावाचं सायकलचं दुकान आठवलं. एकाकडे एक तुकडा, दुसऱ्याकडे दुसरा. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अशा वाटून ठेवलेल्या स्मृतीचा सिद्धान्त मांडला होता. जवळच्या माणसांमध्ये कुणी काय लक्षात ठेवायचं याची नकळत वाटणी झालेली असते आणि सगळे मिळून एक मोठी आठवण सांभाळतात. नवराबायकोत हे आपण रोज पाहतो, एकाला तारखा माहीत असतात, दुसऱ्याला वस्तू कुठे ठेवल्यात ते. वर्गाचंही तसंच आहे. मला माझी सातवी जेवढी आठवते त्यापेक्षा जास्त सातवी माझ्या वर्गमैत्रिणींकडे आहे, आणि एकेक माणूस गेलं की तेवढी सातवी कमी होते. गेल्या दहा वर्षांत आमची तीन माणसं गेली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढे तास, एवढ्या आठवणी, तर मग नातं आपोआप टिकायला हवं. तसं होत नाही. इंग्लंडमध्ये सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा संपवून कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या मुलामुलींचा दीड वर्षं माग ठेवला. नातेवाइकांशी असलेली जवळीक संपर्क कमी होऊनही बहुतेक तशीच राहिली. मित्रांशी असलेली मात्र भराभर उतरली. ज्यांनी जास्त प्रयत्न केला त्यांचीच टिकली, आणि तो प्रयत्न मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा होता. मुलींची मैत्री बोलण्याने टिकली. मुलांची नुसत्या बोलण्याने टिकली नाही. त्यांना काहीतरी बरोबर करावं लागलं, खेळायला जाणं, भटकायला जाणं. आमच्या वर्गातले पुरुष फोनवर दोन वाक्यांत संपतात, पण शाळेच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती काढली तेव्हा तेरा जण रजा टाकून आले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. तेव्हा मला हा अभ्यास खऱ्या अर्थाने कळला. पुरुषांना जमवायचं असेल तर गप्पांचं आमंत्रण देऊ नका, त्यांना काम द्या.

डनबार यांचा दुसरा मुद्दा बऱ्याच जणांनी ऐकला असेल: माणसाला साधारण १५० नाती खऱ्या अर्थाने सांभाळता येतात. त्यात वर्तुळं असतात, सगळ्यात आत पाच माणसं, मग पंधरा, मग पन्नास. लग्न झालं, मुलं झाली, नोकरी लागली की आतल्या जागा भरतात आणि शाळा बाहेर ढकलली जाते. यात कुणाचा दोष नाही. तिशीत माझ्याकडे कुणा वर्गमैत्रिणीसाठी खरंच जागा नव्हती. पन्नाशीला मुलं पांगतात, सासूसासरे जातात, जागा रिकामी होते. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी आणखी एक कारण दाखवलं आहे. पुढचा काळ थोडा उरला आहे हे जाणवायला लागलं की माणूस नव्या ओळखी वाढवणं कमी करतो आणि ज्यांच्याशी मन जुळलं आहे त्यांच्याकडे वळतो. वर्ग पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी जमतात, दहाव्या वर्षी सहसा जमत नाहीत, त्याचं कारण बहुतेक हेच. व्हॉट्सॲप नेमकं त्याच सुमाराला आमच्या हातात आलं, म्हणून श्रेय त्याला मिळतं. त्याने काम सोपं केलं एवढं खरं. वेळ आधीच भरत आली होती.

पण मधली पंचवीस वर्षं ज्या नात्याला हातही लावला नाही, ते मेलेलं असतं की झोपलेलं? डॅनियल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी याचा थेट प्रयोग केला. २०११ साली त्यांचा निबंध आला. त्यांनी मोठ्या पदांवरच्या लोकांना सांगितलं, ज्यांच्याशी तुमचा बरीच वर्षं संपर्क नाही अशा जुन्या ओळखीच्या माणसांना फोन करा आणि तुमच्या चालू कामाबद्दल सल्ला विचारा. लोक कुरकुरत तयार झाले. आणि निघालं असं, की रोजच्या ओळखीतल्या माणसांच्या तुलनेत या झोपलेल्या ओळखींनी दिलेला सल्ला कमी उपयोगी नव्हता, उलट त्यात नवं पुष्कळ होतं. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्यांना आपल्याला जे माहीत तेच माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच हे दाखवलं होतं की नोकरीची बातमी बऱ्याचदा सख्ख्या मित्राकडून येत नाही, लांबच्या ओळखीकडून येते. पण लांबच्या ओळखीत विश्वास कमी असतो. झोपलेल्या नात्यात दोन्ही असतं: माणूस वेगळ्या जगात राहून आलेला असतो आणि विश्वास जिथे ठेवला होता तिथेच सापडतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याला ऑक्सिजनची गरज पडली. तिच्या ओळखीच्या सगळ्यांनी जे दवाखाने सांगितले ते तिने आधीच विचारून झाले होते. आमच्या वर्गातला एक मुलगा शेजारच्या जिल्ह्यात रुग्णवाहिका चालवतो. शाळेत असताना ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. रात्री दोन वाजता त्याने खाट शोधली आणि स्वतः गाडी घेऊन आला. तिचा नवरा आज शेतात कामाला जातो.

याच विश्वासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती सांगितली जात नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकाने पैसे दुप्पट होण्याची योजना आणली. अकरा जणांनी पैसे घातले. बँकेतल्या माणसाला चार प्रश्न विचारणाऱ्यांनीही त्याला एक प्रश्न विचारला नाही. पैसे बुडाले, दोन घरं फार अडचणीत आली. मला वाटतं, यात एक फसगत आहे जी समजून घेण्यासारखी आहे. आपला विश्वास पंधरा वर्षांच्या मुलावर असतो, ज्याला आपण आतून-बाहेरून ओळखत होतो. समोर मात्र पन्नास वर्षांचा माणूस उभा असतो, ज्याची मधली पस्तीस वर्षं आपण पाहिलेलीच नाहीत. म्हणून वर्गाने एक नियम करावा: आपसात आजारपणाला मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत, पण गुंतवणूक आणि विमा वर्गाबाहेर. आम्ही तो केला, उशिरा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. कुठल्याही जुन्या वर्गाच्या गटात डोकावून पाहा. तुकडीत जर निम्म्या मुली होत्या, तर गटात निम्म्या बायका दिसतात का? आमच्या ६२ मध्ये २७ मुली होत्या. सुरुवातीच्या १५ जणांत तिघी. मुलींना ओढ कमी असते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या सापडत नाहीत, कारण आपण त्यांची नावं पुसली आहेत.

मुलाचं नाव जन्मभर एकच राहतं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. फेसबुकवर टाकलं की माणूस निघतो, नाही निघाला तर गावात घर आहेच, बाप नाही तर चुलता सांगतो. मुलीचं लग्न झालं की वडिलांचं नाव जातं आणि नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि आमच्या पिढीत बऱ्याच घरी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलत. तिन्ही शब्द गेले. शोधणाऱ्याच्या हातात काहीच धागा राहत नाही. माझंही तसंच झालं होतं. शाळेच्या पटावर जे नाव आहे त्या नावाने मला सत्तावीस वर्षांत माहेरच्यांशिवाय कुणी हाक मारली नव्हती. माझा शोध लागला तो भावाच्या किराणा दुकानात, मैत्रिणीने साखर घेता घेता सहज विचारलं म्हणून. तिचा फोन आला, तिने पटावरचं नाव घेतलं, आणि मला ‘हो, मीच’ म्हणायला थोडा वेळ लागला.

म्हणून मुली शोधण्याची वाट वेगळी आहे. ती माहेरातून जाते. भाऊ, वहिनी, माहेरची शेजारीण, मामा. आणि इथे एक अडचण येते, जी आमच्या वर्गातल्या मुलांना आधी कळलीच नाही. एखाद्या पुरुषाने फोन करून ‘तुमच्या बहिणीचा नंबर द्या, मी तिच्या वर्गात होतो’ म्हटलं की भाऊ विचारतो, ‘काय काम आहे?’ आणि फोन ठेवून देतो. त्याच्या जागी कुणीही असतं तर असंच वागलं असतं. त्यामुळे हे फोन आम्ही बायकांनी करायचे ठरवलं. पहिल्या फोनला नंबर मागायचा नाही. आपलं नाव, आपल्या वडिलांचं नाव, आपली वाडी सांगायची, वहिनीची चौकशी करायची, आणि ‘ताईला माझा नंबर द्या, तिला वाटलं तर करेल’ एवढंच म्हणायचं. चौघींपैकी तिघींचा फोन दोन दिवसांत येतो.

सापडल्यावरही प्रश्न संपत नाहीत. घरात सांगून यावं लागतं. सकाळचा स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांची औषधं, शेवटची एसटी. मेळाव्याची वेळ संध्याकाळी सातची ठेवली आणि ‘बायका आल्या नाहीत’ म्हटलं तर ते बरोबर नाही. आम्ही सकाळी अकरा ते चार ठेवायला लागलो. वर्गणीचंही तसंच. हजार रुपये सगळ्यांना सारखे, हे ऐकायला समान वाटतं, पण रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला ते दोन-तीन दिवसांची कमाई आहे, शिवाय त्या दिवसाचा खाडा. आता दाराशी एक बंद डबा ठेवतो. ज्याला जे जमेल ते तो टाकतो, नाव नाही, यादी नाही, माइकवरून जाहीर करणं नाही. एकदाही पैसे कमी पडले नाहीत.

एका छोट्या गोष्टीकडे लक्ष वेधते. आमच्या काळी मुलं आणि मुली शाळेत एकमेकांशी बोलत नसत. वहीसुद्धा मॉनिटरमार्फत जायची. म्हणजे पहिल्या मेळाव्यात आम्ही पंचेचाळिशीत पहिल्यांदा बोललो, आणि काय म्हणून हाक मारायची हेच कळेना. ‘अहो’ म्हणावं तर परकं वाटतं, ‘अरे’ म्हणायची सवय नाही. बराच वेळ सगळे ‘तुम्ही’च्या आडोशाने बोलत होते. मग आमचे ऐंशी वर्षांचे सर आले, त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि जुन्या पद्धतीने हजेरी घेतली. आडनाव आधी, माहेरचंच. ‘हजर सर’ असं म्हणून एकेक जण उभा राहिला, आणि त्यानंतर कुणी कुणाला ‘तुम्ही’ म्हटलं नाही. मराठीत हे फार मोठं असतं. या वयात मला ‘अगं’ म्हणणारी माणसं थोडी उरली आहेत. आई गेली, मावशी गेली. उरलेले सगळे काकू म्हणतात, मॅडम म्हणतात, आजी म्हणायला लागलेत.

यादीतून गळणारा आणखी एक गट आहे. आपण म्हणतो ‘८७ ची बॅच’. म्हणजे ८७ ला दहावी झालेले. पण रजिस्टरवरच्या ६२ जणांपैकी दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचले ४६. उरलेले सोळा जण कुठे गेले ते त्यांच्या ओळीच्या शेवटी लिहिलेलं आहे. दोघांपुढे ‘वडिलांची बदली’. बाकीच्यांपुढे एकच शब्द पुन्हा पुन्हा: ‘सततची गैरहजेरी’. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलेली मुलगी, आठवीत लग्न झालेली मुलगी, सगळ्यांसाठी तोच शब्द. दहावीत नापास होऊन पुन्हा न बसलेले आणखी वेगळे. ते स्वतःहून येत नाहीत, कारण त्यांना वाटतं हा पास झालेल्यांचा मेळावा आहे. पण वर सांगितलेला तासांचा हिशेब लावा. चार वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलीबरोबर आपण जितके तास काढले तितके नंतरच्या कुठल्या मैत्रिणीबरोबर काढले? निकालाचा त्याच्याशी काय संबंध? म्हणून ज्यांना आपला वर्ग जमवायचा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती: दहावीच्या निकालावरून यादी करू नका. पाचवीच्या पटावरून करा.

शेवटी, फोन करण्याचा संकोच. माझ्याकडे नंबर असूनही कितीतरी फोन मी महिनोन्‌महिने पुढे ढकलले. ती ओळखेल का, तिला काय वाटेल, इतक्या वर्षांनी कशासाठी केला म्हणेल का. हे फक्त माझंच नव्हतं. लारा एक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राला निरोप पाठवायला बसवलं. नंबर होता, इच्छा होती, वेळ दिला होता. तरी साधारण एक तृतीयांश लोकांनीच पाठवला. जुन्या मित्राशी बोलायला लोक अनोळखी माणसाशी बोलण्याइतकेच कचरतात, असं त्यांना दिसलं. आणि त्याआधी २०२२ मध्ये पेगी लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की अचानक विचारपूस आली तर समोरच्याला जेवढा आनंद होतो, त्याचा अंदाज विचारपूस करणाऱ्याला नेहमी कमीच येतो. जितकं अनपेक्षित तितका आनंद जास्त. सँडस्ट्रॉम यांच्या प्रयोगात एक उपाय चालला: आधी रोजच्या ओळखीच्या दोन-तीन माणसांना निरोप पाठवायचे, हात मोकळा करायचा, आणि त्याच ओघात जुन्या माणसाला पाठवून टाकायचा. मी तसंच करते. आधी बहिणीला फोन, मग भाचीला, मग तो.

गेल्या महिन्यात असाच एक केला. रजिस्टरवर तिच्यापुढे १९८४ ची तारीख आणि ‘सततची गैरहजेरी’. भावाकडून निरोप गेला होता, पण तिचा फोन काही आला नव्हता, म्हणून पुतणीला विचारून मीच लावला. मी माझं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘अगं, मी दहावी झालेच नाही. मी कशी तुमच्यात?’

मी म्हटलं, ‘तुझा हजेरी नंबर एकावन्न. माझा बावन्न.’

‘माझी पाटी तू फोडलीस,’ ती म्हणाली. मला हे अजिबात आठवत नव्हतं. मग तिने विचारलं, कधी जमणार आहात. मी दिवाळीनंतरच्या दोन तारखा सांगितल्या. ती म्हणाली, ‘बुधवार सोडून कधीही ठेवा. बुधवारी बाजार असतो, मला भाजी घेऊन बसावं लागतं.’